वेधातलं पाणी

"गिराण सुटलं का घरातलं सगळं पाणी फेकाचं," ग्रहणाच्या दुपारी आत्याबाई म्हणाल्या, आणि माठ, घागरी, न्हाणीतला हंडा असं एकेकावर बोट रोखत त्यांची नजर माझ्या खोलीत शिरली, पलंगाशेजारच्या स्टुलावर आली आणि थांबली. स्टुलावर बरणी होती. "थे बी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, तिचं झाकण मेणानं बंद केलंय. तिच्यात बाहेरचं काही जात नाही. हवासुद्धा नाही."

"गिराणाले दार लागते का व? भिताडातून येते थे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा मऊ झाल्या. "फेकाचं नसंन तं झाकण खोल अन् तुयशीचं पान टाक आतमंदी. पान टाकलं का बाधत नाही. लोणच्यात नाही का टाकलं?"

त्यांच्या परीनं त्यांनी मला मोठी सूट दिली होती. सकाळपासून त्या तुळशीची पानं घेऊन घरभर फिरत होत्या. दुधात, दह्यात, तुपात, पापडाच्या डब्यातसुद्धा एकेक पान पडलं होतं. सासू म्हणून त्या वाईट नाहीत. पण ओतून देणं आणि उघडणं यांत मला फरक दिसत नव्हता, आणि का दिसत नव्हता ते मला कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. बी. एस्सी. झालेल्या बाईनं तर नाहीच. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनी विचारलं नाही आणि मलाही कळलं नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांनी वाटीत गेरू कालवला, मला पातळ सैल करायला लावलं आणि माझ्या पोटावर बोटानं आडवी रेघ ओढली. रेघ थंडगार होती. पोट आपोआप आत गेलं, म्हणजे जेवढं जाऊ शकतं तेवढं. सहावा चालू होता. "झोपून राहाचं. सुई, चाकू, कातर हातात घ्याची नाही. अंग खाजवाचं नाही. कूस बी बदलाची नाही घडीघडी."

"आणि खाज सुटली तर?"

"तं माह्यं नाव घे," त्या म्हणाल्या, "आपसूक मुरून जाईन." हसल्या नाहीत. मात्र जाताना त्यांनी माझ्या चार वर्षांच्या पमीला खोलीत ढकललं, खिडकीला गोणपाट लावलं, बरणीवर जुन्या छत्रीचं काळं कापड टाकलं आणि दार ओढून घेतलं. आतमध्ये आम्ही उरलो. मी, पमी, पोटातलं ते, आणि कापडाखाली ती बरणी. ग्रहण लागायला अजून अवकाश होता. बाहेर पांढुर्ण्यात ऐन संत्र्याच्या हंगामात मंडी बंद, बैलगाडीचा आवाज नाही, रस्त्यावर कुत्रं नाही. रेडिओ आठवडाभर सांगत होता की दुपारीच अंधारून येईल, कुणी सूर्याकडे पाहू नका. आणि मी त्या थंड रेघेखाली निपचित पडून एकाच गोष्टीचा विचार करत होते: सकाळी बरणीच्या तळाशी दिसलेल्या त्या पांढऱ्या वस्तूचा.

सकाळी, नेहमीसारखी उठल्याउठल्या मी बरणीपाशी गेले होते. चहाच्या आधी तिला बघायचं, ही माझी रीत. रेतीवर एक झिंगा आडवा पडला होता. पांढरट, ताठ, पाय मुडपलेले. एक मेला, एवढंच डोक्यात आलं. दुसऱ्या कुणाला दाखवायचं धाडस झालं नाही. ग्रहणाच्या दिवशीच. आजच. मला कुणी विचारलं असतं की बाई, तुझा ग्रहणावर विश्वास आहे का, तर मी पृथ्वी, चंद्र आणि सूर्य काढून, त्यांना बाण लावून दाखवले असते. पण हात थंड पडले होते ते पडलेच होते.

ही बरणी म्हणजे किराणा दुकानात लेमनच्या गोळ्या ठेवतात तसली, मोठ्या पोटाची. आत बोटभर रेती, थोडे गोटे, नदीतल्या पाणगवताच्या हिरव्या काड्या, एक गोगलगाय आणि झिंगे. भजी करतात ते झिंगे नव्हेत. ही जातच एवढीशी, तांदळाच्या दाण्याला पाय फुटावेत तशी, आणि काचेसारखी आरपार; आतलं काळसर आतडं दिसतं, आणि लक्ष देऊन पाहिलं तर धडधडणारं काहीतरी. नागपूरला शेवटच्या वर्षाला असताना आमच्या मॅडमनी एका मोठ्या परीक्षानळीत पाणी, एक काडी आणि गोगलगाय टाकून तोंड मेणानं बंद केलं होतं. "हिला आता तुमची गरज नाही," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त उजेड द्या." काडी उजेड पिते आणि हवा सोडते, त्या हवेवर गोगलगाय जगते, आणि गोगलगाय जे टाकते त्यावर काडी. पुष्पा म्हणून एक चावट मुलगी होती, ती मागून म्हणाली, "मॅडम, हिलेच पाठवा सासरी. काही मांगणार नाही बिचारी." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण परीक्षा होईपर्यंत मी रोज त्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. वर्ग भरायच्या आधी, रिकाम्या प्रयोगशाळेत, ॲसिडच्या वासात. बोटभर काचेत पुरं जग बंद आहे आणि चाललंय, त्याला आपली खबरही नाही, हे बघताना मला जे वाटायचं ते देवघरात कधी वाटलं नाही. तेव्हा भीती नव्हती. नुसतं तोंड उघडं राहायचं.

भीती नंतर आली. मागच्या हिवाळ्यात याच खोलीत, याच पलंगाच्या कडेला मी उभी होते, उशीचा अभ्रा बदलत होते, आणि पाणमोट फुटली. दुखलं नाही. कोमट पाणी पायांवरून फरशीवर गेलं, आणि जात राहिलं. मी दोन्ही हातांनी पातळ धरून उभी, जणू हातानं थांबवता येईल. तेव्हाही सहावाच होता. पाणी गेल्यावर आतला किती वेळ टिकणार? मुलगा होता म्हणे. मला दाखवला नाही. दवाखान्यातून आले तेव्हा खोली स्वच्छ होती, फरशी पुसलेली होती, अभ्रासुद्धा बदललेला होता. त्याबद्दल या घरात कुणी कधी बोललं नाही. हे रोज तीगावच्या मळ्यात जातात, संध्याकाळी संत्र्याच्या पेट्यांचा आणि तणसाचा वास घेऊन येतात, पमीला खांद्यावर घेतात. बोलायला वेळ कुठे असतो? आणि वेळ असता तरी कोण काय बोललं असतं?

मग या दिवाळीत पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. भाऊबीजेला सौंसरला माहेरी गेले, तर तिथून वसंताला, माझ्या धाकट्या भावाला, बळंच छोट्या रेल्वेगाडीत बसवलं आणि रामाकोन्याला मावशीकडे नेलं. कन्हानच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून जुन्या पंच्यानं झिंगे पकडले. वसंता काठावरून ओरडत होता, "ताई, अवं एका भज्याले नाही पुरत एवढे! माणसं हासून राहिले पुलावरून!" हसू देत, म्हटलं. ती बरणी मांडीवर घेऊन मी बसनं पांढुर्ण्याला आले. दर खड्ड्याला एक हात बरणीवर आणि एक पोटावर. कंडक्टर म्हणाला, "बाई, मासोळ्यायचं हाफ तिकीट काढा लागते." घरी आल्यावर दोन दिवस पाणी निवळू दिलं, झाकण लावलं, मेणबत्ती पेटवली आणि झाकणाच्या कडेनं थेंब थेंब मेण सोडत गेले. शेवटचा थेंब थिजला तेव्हा एक वाक्य माझ्या मनात आलं. मी ते आणलं नाही, ते आलं. ही बरणी जगली तर. पुढचं वाक्य मी कधी पुरं केलं नाही. पण तेव्हापासून रोज चहाच्या आधी मी जे बघायला जात होते ते झिंगे नव्हते.

आत्याबाई पानावर विश्वास ठेवतात, मी मेणावर. एवढाच फरक.

"लागलं व!" अंगणातून ह्यांचा आवाज आला. मामाजी गेले त्या वर्षी काढलेला त्यांच्या छातीचा एक्सरे शोधून हे सकाळपासून तयार बसले होते. "उजवीकडून कुरतडलं!"

"बापाच्या छातीतून सुर्य पाहून राहिला पोट्टा," आत्याबाई कुठूनतरी म्हणाल्या. "लाज नाही, काही नाही. मुकुंदा, आत ये!"

"बाबा असते तं त्यायनंच दाखवला असता!"

पमी हसली. तिला वाटलं आपणही हसावं अशी वेळ आहे. स्टेशनावरून एक लांब गाडी गेली. नेहमी गाडी गेली की आमच्या खोलीतली भांडी किणकिणतात, आज गाव गप्प म्हणून की काय जास्तच किणकिणली. त्या गाडीतल्या लोकांनीही खिडक्या पाडून घेतल्या असतील. सगळीकडे बायका अशाच पडल्या असतील; पांढुर्ण्यात, सौंसरला, त्याच्याही पलीकडे, खिडकीला गोणपाट, हात छातीवर, कूस न बदलता. प्रत्येकीच्या आत एकेक बंद पाणी. मला एकदम ती सगळी पाणी दिसली, अंधाऱ्या खोल्यांतून रांगेनं ठेवलेली, आणि वर आकाशात काहीतरी सरकतंय त्याकडे कान लावून स्तब्ध.

"आई," पमी म्हणाली, "चांदोबा पडला."

आमच्या छताचे कवेलू जुने आहेत. पश्चिमेकडे एक फट आहे, तिच्यातून दुपारी रुपयाएवढा गोल उजेड फरशीवर पडतो. रोज पडतो, म्हणून मी तो कधी पाहिला नव्हता. आज तो गोल नव्हता. फरशीवर एक चंद्रकोर पडली होती. धारदार, बारीक टोकांची. शेजारी दुसऱ्या फटीतून दुसरी, फिकी. मला कळायला क्षणभर लागला. हा चंद्र नाही. हा खुद्द सूर्य आहे. बाहेर जेवढा उरलाय तेवढा, तसाच्या तसा, उलटा होऊन, फुटक्या कवेलूतून आमच्या फरशीवर उतरलाय. वर्गात शिकले होते मी हे. शिकले होते म्हणजे काय, वहीत लिहिलं होतं. आणि आता तो माझ्या घरात, शेणकुटांच्या राखेनं घासलेल्या फरशीवर, पमीच्या पायांपाशी पडला होता.

पमी उकिडवी बसली आणि तिनं हात पुढे केला.

ग्रहणाचा उजेड. ओरडायला तोंड उघडलं होतं. मी तिला धुळीत बसू देत नाही, नळाचं पाणी न उकळता देत नाही, ती झोपली की नाकाशी बोट धरून बघते. ती आता पुढे झाली होती आणि तिच्या इवल्या तळव्यावर सूर्याची कोर होती. तिनं मूठ मिटली. कोर मुठीवर आली. तिनं मूठ उघडली. कोर पुन्हा तळव्यात. ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, रिकाम्या प्रयोगशाळेत खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरचं. तोंड उघडं. मी माझं तोंड मिटलं.

"फोडीएवढा राहिला!" बाहेरून हे ओरडले. "संत्र्याच्या फोडीएवढा, जयश्री!" आत्याबाईंच्या देखत ते माझं नाव कधी घेत नाहीत.

उजेड विचित्र झाला होता. गोणपाटाच्या विणीतून येणारा उजेड पिवळा नाही, पांढरा नाही, जुन्या पितळेसारखा. गार वाटू लागलं. कुठेतरी चिमण्या संध्याकाळच्यासारख्या कलकलल्या आणि गप्प झाल्या. कोर सरकत होती. फरशीवरून स्टुलाच्या पायावर, पायावरून वर, आणि मला दिसलं की ती कुठे जाणार आहे. मी हात लांब केला आणि छत्रीचं कापड ओढून काढलं. हिला फक्त उजेड द्या. उरला असेल तेवढा द्या.

कोर बरणीच्या काचेला लागली आणि आत शिरली. पाणी पेटलं म्हणायला हवं, पण ते पेटणं नव्हतं. हिरव्या काड्यांतून तो उजेड असा हळू गेला जसं कुणी झोपलेल्या मुलांच्या खोलीतून दिवा घेऊन जातं. काडीच्या टोकाला हवेचा एक मणी होता, त्यातही एक कोर. आणि तळाशी ती पांढरी वस्तू. उजेड तिच्यावर आला आणि तिच्यातून पार गेला. ती पोकळ होती. पाय होते, मिशांची म्यानं होती, डोळ्यांच्या जागी दोन रिकाम्या टोप्या. पाठीवर, मानेपाशी, एक चीर. झिंगा नव्हता. झिंग्याची कात होती. आतला होता तो त्या चिरेतून निघून गेला होता. परीक्षेत मी यावर आकृतीसकट उत्तर लिहिलं होतं, आणि सकाळी मला त्यात मरण दिसलं.

मग मला ती दिसली. गोट्याच्या आडोशाला, नवी, मऊ, अजून कवच न धरलेली. तिच्या पोटाखाली काहीतरी हिरवट चिकटलं होतं. मी कूस बदलायची नाही हे विसरून कोपरावर उठले, काचेला नाक लावलं. अंडी. मोहरीच्या दाण्याहून लहान, घोसच्या घोस, आणि पोटाखालचे ते मुलायम पाय त्यांना वारा घालत होते, अखंड, न थांबता, जसं पाळण्याला कुणी हलका हात देत राहावं. जुनं कवच अंगावरून उतरवल्याशिवाय ती यांना पोटाशी धरू शकत नाही. कुणी तिला सांगितलं नव्हतं. बाहेर सूर्य खाल्ला जात होता, देशभर माणसं दारं लावून बसली होती, आणि ही एवढीशी तांदळाची कणी, बंद पाण्यात, उसन्या उजेडाच्या एका कोरीत उभी राहून आपल्या घोसाला वारा घालत होती. मी श्वास रोखला होता. घाबरून नाही. तिच्यासमोर मोठ्यानं श्वास घेणं बरं दिसलं नसतं.

काचेतून, पाण्यातून गेलेला तो उजेड पलीकडे पलंगावर पडला होता. माझ्या पोटावर. गेरूच्या रेघेवर तो वाकडातिकडा होऊन थरथरत होता, पाण्यात हातपाय हलावेत तसा. मला सरकता आलं असतं. पातळाचा पदर ओढून घेता आला असता. मी तशीच राहिले, आणि त्या उजेडाखाली आतून कुणीतरी सरकलं. नुसती टिचकी नाही, सबंध एक वळण, एका बाजूचा उंचवटा दुसऱ्या बाजूला. कूस बदलायची नाही हे मला सांगितलं होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रहण सुटलं ते मला आवाजावरून कळलं. आधी एका घरातून, मग समोरच्या, मग सगळ्या गल्लीतून पाणी पडू लागलं. माठ उपडे होत होते, घागरी रिकाम्या होत होत्या, हंडे ओढत आणले जात होते. पाणी ओट्यांवरून, दगडांवरून, नालीतून, इतकं की पावसाळ्यातसुद्धा या गल्लीत असा आवाज मी ऐकला नव्हता. सगळं गाव आपलं पाणी टाकून देत होतं. मी उठून बसले आणि दोन्ही हात बरणीवर ठेवले.

आत्याबाई न्हाऊन आल्या. केस ओले, कपाळ रिकामं, एका हातात तुळशीचं पान. "आण," त्या म्हणाल्या. "खोलतं का फेकतं?"

"आत्याबाई, आधी बघा."

"का पाहू?"

"गोट्यापाशी. तिच्या पोटाखाली."

त्या वाकल्या. डोळे बारीक केले. गोणपाट काढून आणखी वाकल्या. त्यांच्या केसांतला एक थेंब झाकणावर पडला, मेणावरून ओघळला. त्यांचे ओठ हलले, मोजत असाव्यात असे, पण मोजता येण्यासारखं ते नव्हतं.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "लेकुरवाळी हाये व हे."

"हो."

"थे पाय कायले हलवून राहिली एवढे?"

"पिलांना वारा घालते. थांबली तर ती कुजतात."

"झोपते कवा मंग?"

मला ते ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. आत्याबाई सरळ झाल्या, कमरेवर हात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता पलंगाच्या कडेच्या फरशीकडे बघितलं. त्याच जागेकडे. "एक डाव पुसलं म्या पाणी ह्या खोलीतलं," त्या म्हणाल्या. "सगळं पुसलं. दोन्ही हातानं फडकं पियत होती तं फडक्यातून बी सुटे ना." बाहेर कुणाचा तरी शेवटचा हंडा रिता झाला. "राहू दे हे. लेकुरवाळीचं पाणी नसते फेकत."

मग त्यांनी ते तुळशीचं पान बरणीच्या झाकणावर, मेणाच्या कडेशी ठेवलं, बाहेरच्या बाहेर, आणि बोटानं दाबलं. "अन् तू न्हाऊन घे आता. गेरू धुवून टाक. चूल पेटवाची हाये, थो एक्सरेवाला उपाशी हाये सकायपासून."

त्या गेल्या. मी तशीच बसून राहिले, उठावंसं वाटेना. फटीतून आलेला उजेड आता भिंतीवर होता, आणि तिथे तो हळूहळू भरत होता. पमी बरणीला गाल लावून बसली होती. आत एक झिंगा त्या रिकाम्या कातीवर येऊन बसला होता आणि पुढच्या पायांनी ती कुरतडून तोंडात घालत होता.

"आई, ते काय खाते?"

"जुना फ्रॉक."

"कोणाचा?"

"त्या आईचा. तिला लहान झाला."

पमीनं विचार केला. "फेकला नाही?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांच्या घरात फेकायला बाहेर नाहीच."

गल्लीतलं पाणी अजून उताराकडे वाहत होतं, आणि पोरं त्यात उतरल्याचा आवाज येऊ लागला होता. पमीनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला माझं उत्तर पाठ होतं.

"जा," मी म्हटलं.